फडातली तहान आणि किडनीतली साखर

उन्हाळा लागला की व्हॉट्सॲपवर सल्ले फिरू लागतात: दिवसाला तीन लिटर पाणी प्या, किडनी ठणठणीत राहील. पंख्याखाली बसून काम करणाऱ्याला हा हिशेब चालतो. उसाच्या फडात मात्र तेच तीन लिटर संध्याकाळी कोपीवर परतल्यावर प्यायले, तर व्हायचं ते नुकसान दुपारीच होऊन गेलेलं असतं.

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल टनावारी फेडायची. जानेवारी 2024 मधल्या करारात तोडणीचा दर टनाला 366 रुपये ठरला. घटकाभर सावलीत बसायला कुणी मनाई करत नाही, पण तेवढ्या वेळात तुटला असता तो ऊस गेला. अख्खा दिवस बुडाला तर खाडा, म्हणजे वर दंड. बायकांना आणखी एक विचार करावा लागतो: फडात आडोसा नाही, तेव्हा सकाळपासूनच पाणी बेताने प्यायचं.

आता शरीराकडे वळू. स्नायू जेवढी ऊर्जा जाळतात, तिचा जेमतेम पाचवा-चौथा हिस्सा कोयत्याच्या घावात उतरतो, उरलेली सगळी उष्णता. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता ठिबकून मातीत गेला तर जवळजवळ काहीच नेत नाही. कष्टाच्या कामात तासाला लिटरभर घाम सहज जातो. एरवी हृदयातून निघालेल्या रक्ताचा साधारण पाचवा वाटा किडन्यांना मिळतो, मिनिटाला लिटरभराहून जास्त. उन्हात राबताना रक्त स्नायूंकडे आणि कातडीकडे वळतं आणि कपात होते ती किडनीच्या वाट्यात. त्याच वेळी मेंदूकडून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सुटतं: पाणी वाचवा, लघवी दाट करा.

खरी गंमत याच्या पुढे आहे. रक्तातल्या क्षारांचं प्रमाण वाढलं की किडनीच्या नलिकांतल्या पेशींमध्ये आल्डोज रिडक्टेज नावाचं विकर (एन्झाइम) कामाला लागतं. हेतू चांगलाच असतो. मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटतं, तसं आपलं होऊ नये म्हणून पेशी ग्लुकोजपासून सॉर्बिटॉल बनवून आतलं द्रावणही दाट करते. पण दुसरं एक विकर त्या सॉर्बिटॉलचं फ्रुक्टोज करतं. म्हणजे साखर न खाताही किडनीत फळसाखर तयार! ग्लुकोज वापरताना पेशी शिल्लक ऊर्जेचा अंदाज घेऊन हात आखडता घेते. फ्रुक्टोकायनेज या विकराला असला लगाम नाही. समोर येईल त्या फ्रुक्टोजच्या रेणूला ते फॉस्फेट चिकटवत सुटतं, त्यात पेशीचं एटीपी, म्हणजे ऊर्जा साठवणारा रेणू, खर्ची पडतं, मोडलेल्या एटीपीपासून यूरिक ॲसिड बनतं आणि रक्त आधीच आटलेल्या पेशीत दाह सुरू होतो.

2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांना पाच आठवडे दिवसा पुन्हा पुन्हा उष्णतेत ठेवलं. एका गटाला दिवसभर पाणी मिळत होतं, दुसऱ्याला उष्णतेचे फेरे आटोपल्यावर रात्री. रात्री पाणी मिळालेल्यांच्या नलिकांना इजा झाली, पहिल्या गटाचं निभावलं. फ्रुक्टोकायनेज नसलेले उंदीर मात्र उशिरा पाणी मिळूनही वाचले. नंतर उंदरांवरच झालेल्या प्रयोगांत, पाण्याऐवजी गोड शीतपेय दिल्यावर इजा आणखी वाढली.

माणसांमधला पुरावा मध्य अमेरिकेतला आहे. मधुमेह किंवा रक्तदाब नसलेल्या तरुण शेतमजुरांच्या किडन्या निकामी होत आहेत, हे एल साल्वाडोरच्या डॉक्टरांनी 2002 मध्ये मांडलं. कीटकनाशकांवरचा संशय आजही पुरता फिटलेला नाही. पण 2015 साली निकाराग्वातल्या ऊस-कामगारांचा एक अभ्यास आला, त्यात सात प्रकारची कामं करणारे 284 जण होते. उद्योग एकच, हंगामही एकच. तरी कारखान्यातल्या कामगारांपेक्षा तोडणी करणाऱ्यांची, बेणं तोडणाऱ्यांची आणि पाणी देणाऱ्यांची किडनीची क्षमता हंगामाअखेर जास्त घसरलेली दिसली.

हा आजार लवकर सापडत नाही. लघवीतून प्रथिनं फारशी जात नाहीत, म्हणून पट्टीची तपासणी 'ठीक' सांगते. किडनी एरवी गाळून टाकते ते रक्तातलं क्रिएटिनिनही बऱ्याचदा निम्मी क्षमता गेल्यावरच वर चढतं. एकट्या आकड्यावर न जाता हंगामाआधीचा आणि नंतरचा आकडा ताडून पाहावा. अंगदुखीवर घेतलेल्या डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या गोळीने भर पडते. किडनीत रक्त नेणारी बारीक धमनी प्रोस्टाग्लँडिन या शरीरातच बनणाऱ्या द्रव्यामुळे उघडी राहते, आणि ही गोळी नेमकं तेच अडवते. 'किडनी साफ करणाऱ्या' जडीबुटीचं तर नावच नको. ईश्वरी उर्फ सापसण ज्या कुळातली, त्या वनस्पतींमधलं ॲरिस्टोलोकिक आम्ल स्वतःच किडनी खलास करतं.

मग विश्रांती किती हवी? त्यासाठी उष्मा मोजण्याचं एक साधं गणित आहे: ओल्या फडक्याच्या तापमापकाचे 70 टक्के, उन्हात टांगलेल्या काळ्या गोळ्यातल्या तापमानाचे 20 टक्के आणि हवेच्या तापमानाचे 10 टक्के. मार्चमधल्या दुपारी हे आकडे 24, 45 आणि 36 आले, तर 16.8 + 9 + 3.6, म्हणजे 29.4 अंश. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या तक्त्यानुसार एवढ्या उष्म्यात, सरावलेल्या माणसानेसुद्धा जड काम तासातली फार तर 15 मिनिटं करावं. टनावारी मजुरीत उरलेली 45 मिनिटं कुठे बसवायची, ते त्या तक्त्यात नाही.

एल साल्वाडोर आणि निकाराग्वात मजुरांना पाठीवरच्या पाण्याच्या पिशव्या, ठरलेल्या वेळी सक्तीची सुट्टी आणि सावली देऊन पाहिली, तेव्हा किडनीला इजा होणाऱ्यांचं प्रमाण घटलं. दर 15-20 मिनिटांनी पेलाभर, साधारण 250 मिलिलिटर पाणी, घाम फार जात असेल तर मधूनमधून ओआरएस. पुडीवर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात. सावलीचा तंबू तोडणीबरोबर पुढे सरकवत न्यावा लागतो. पाचशे पावलं मागे राहिलेल्या तंबूपर्यंत टनावर मजुरी घेणारा माणूस चालत जात नाही.