आयसीएफचं घर बांधायचंय? काँक्रीट कोण ओतणार ते आधी ठरवा

आयसीएफ म्हणजे इन्सुलेटेड काँक्रीट फॉर्म. घट्ट थर्माकोलचे पोकळ ब्लॉक एकमेकांत बसवायचे, आत सळई बांधायची आणि पोकळीत काँक्रीट ओतायचं. हे ब्लॉक म्हणजेच शटरिंग, काँक्रीटचा साचा; ते काढायचं नसतं, भिंतीतच राहतं. मधलं काँक्रीट बहुधा 6 इंच आणि दोन्ही बाजूंना साधारण अडीच-अडीच इंच फोम, म्हणजे तोच थर्माकोल. कॅनडातल्या वर्नर ग्रेगोरी यांनी 1960च्या दशकात अशा फोमच्या फॉर्मच्या पेटंटसाठी अर्ज केला. तिकडे ती रुळली, आपल्याकडच्या गवंड्यांचा हात मात्र अजून तिच्यावर बसलेला नाही.

बदलापूर, मुरबाड, पनवेलकडे प्लॉट घेतलेली मंडळी आमच्या ठाण्याच्या ऑफिसात येतात आणि ब्लॉक कुठे मिळतील ते विचारतात. ब्लॉक मागवता येतात. अडतं ते ओतण्यापाशी.

भिंत एका दमात वरपर्यंत भरायची नसते. घराला फेरी मारत तीन-चार फूट भरायचं, मग पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून सुरुवात. खडी बारीक, काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा नीडल व्हायब्रेटर बारीक, टेकू आणि ओळंबा सतत तपासत. आमच्या सुरुवातीच्या एका कामावर पंपवाला घाईत होता आणि आम्ही त्याला थांबवलं नाही. खिडकीजवळचा फॉर्म फुटला, काँक्रीट अंगणात आलं. फळ्या-टेकू लावून ते थोपवलं. पण नंतर खिडकीखालचा फोम कापला तेव्हा आत हनीकोंब, म्हणजे काँक्रीट न भरलेली पोकळी निघाली, मूठ जाईल एवढी. साध्या शटरिंगमध्ये फळी काढली की असा दोष दिसतो, इथे तो फोमआड कायमचा झाकला जातो. म्हणून खिडकीच्या चौकटीला खालून मोकळी जागा ठेवून तिथूनही भरायचं असतं. तुमचा कंत्राटदार हे न विचारता सांगतो का, ते बघा.

त्याचा फोटोंचा अल्बम बाजूला ठेवा. ओतकामाच्या दिवशी साइटवर न्या म्हणावं. फॉर्म फुटला तर काय करता, हेही विचारा. ‘आमचा कधी फुटतच नाही’ असं उत्तर आलं तर आम्ही तरी त्याला काम देणार नाही.

आयसीएफ केलेला माणूस मिळालाच नाही, तर टॉवरांवर माइवानच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यातल्या काँक्रीटच्या भिंती ओतलेला मुकादम शोधा. घोडबंदर पट्ट्यात असे पुष्कळ आहेत. भिंत ओतण्याची शिस्त त्यांना ठाऊक असते, फोमचं नाजूकपण शिकवावं लागतं. त्यांच्याकडून आधी पंपघराची एखादी भिंत करून घ्या आणि आठवड्याने फोम कापून आत बघा.

वाळवी फोम खात नाही, पण त्यातून वाट काढते. जमिनीलगतचा फोम आणि वाळवीचा उपचार कसा करणार, हे लेखी घ्या. आतून फोम उघडा ठेवायचा नाही. आगीसाठी त्यावर प्लास्टर किंवा जिप्सम बोर्ड हवाच.

आणि दिवसभर खिडक्या उघड्या ठेवून राहणार असाल, एसी लावणार नसाल, तर या भिंतीचा खर्च करू नका. त्या पैशात आधी छताचं इन्सुलेशन करा.

नकाशा घेऊन या. करारात ‘आम्ही सांगू त्या तीन ठिकाणी फोम कापून दाखवणे’ ही अट कशी घालायची, ते आम्ही लिहून देतो.