चिंता देवावर सोपवणे

ख्रिस्ती श्रद्धेतील एक जुनी साधना. पोटापाणी, आजारपण, मुलाबाळांचे भवितव्य, मरण यांविषयीची मनाला पोखरणारी भीती प्रार्थनेत देवापुढे मांडायची, तिचा भार त्याच्यावर टाकायचा आणि आपल्या वाट्याचे आजचे काम करत राहायचे, असे तिचे स्वरूप आहे. मराठी मंडळ्यांत (चर्चच्या समुदायांत) याला ‘प्रभूच्या हाती सोपवणे’ किंवा नुसते ‘भरवसा ठेवणे’ म्हणतात. प्रार्थना आणि आजचे काम या दोन्ही गोष्टी तिच्यात सारख्याच महत्त्वाच्या आहेत. त्यांतले एक सुटले की साधना बिघडते, हे तिच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

बायबलमधील आधार : या साधनेचा मुख्य आधार येशूच्या डोंगरावरील प्रवचनात आहे (मत्तय ६:२५–३४). पाखरे पेरत नाहीत, कापणी करत नाहीत, कोठारांत साठवत नाहीत, तरी स्वर्गातील पिता त्यांना खाऊ घालतो. रानातली फुले कष्ट करत नाहीत, तरी शलमोन राजा आपल्या सर्व वैभवात त्यांच्याइतका सजला नव्हता. चिंता करून आपले आयुष्य हातभर वाढवणे कोणाला जमले आहे, असा थेट प्रश्नही येशू विचारतो. हे ऐकणारे लोक गालीलातले शेतकरी, कोळी, रोजंदारीवर जगणारे होते. त्यांच्यापुढे ‘काय खावे’ हा प्रश्न रोजच उभा होता, म्हणून या उताऱ्याला खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचे तत्त्वज्ञान म्हणता येत नाही. त्याच्या आधीचे वचनही सोबत वाचायला हवे: देवाची आणि धनाची चाकरी एकाच वेळी करता येत नाही. ‘ह्यास्तव’ या शब्दाने पुढचे सगळे त्याला जोडलेले आहे. चिंतेमागे बहुधा दुसऱ्या कोणत्या तरी धन्याची चाकरी असते, असा येशूचा रोख दिसतो.

जुन्या करारात हाच धडा मान्न्याच्या, म्हणजे देवाने रानात पुरवलेल्या अन्नाच्या, कथेत आहे (निर्गम १६). रानात भटकणाऱ्या इस्राएलांना रोज सकाळी त्या दिवसापुरतेच अन्न गोळा करायची आज्ञा होती. उद्यासाठी ठेवलेल्यात किडे पडत. शब्बाथाच्या (आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या) आदल्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायची मुभा होती, म्हणजे साठवण मुळातच पाप ठरवलेली नव्हती. प्रभूच्या प्रार्थनेतील ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ ही ओळ याच परंपरेतली आहे.

प्रेषितांच्या पत्रांतील दोन वचने मराठी ख्रिस्ती घरांत मुलांनाही पाठ असतात. ‘त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो’ (१ पेत्र ५:७) हे छळ सोसणाऱ्या मंडळ्यांना लिहिलेले आहे. फिलिप्पैकरांस पत्रातील वचन (४:६–७) प्रेषित पौलाने तुरुंगातून लिहिले. कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका, असे म्हणून तो थांबत नाही. प्रार्थना आणि विनंती करून, आभार मानून आपली मागणी देवाला कळवा, असे तो सांगतो. या आभारांकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. आजवर काय मिळाले हे आठवून मग मागितले की मागण्याचा सूरच बदलतो. त्या बदल्यात पौल ज्याचे वचन देतो ती बुद्धीपलीकडची शांती आहे. अडचण सुटेल असे तो कोठेही म्हणत नाही.

मतभेद : पाखरांच्या दृष्टान्ताचा सोयीस्कर अर्थ लावणारे लवकरच निघाले. उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथील काही संन्यासी हाताने काम करण्यास नकार देऊन भाविकांच्या दानावर जगू लागले आणि येशूची हीच वचने पुढे करू लागले. तेथील बिशप ऑरेलियसच्या विनंतीवरून धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीनने इ. स. ४०० च्या सुमारास त्यांच्याविरुद्ध एक प्रबंध लिहिला. पाखरे दळत नाहीत, रांधत नाहीत आणि उद्यासाठी ठेवतही नाहीत. तुम्ही मात्र हे सगळे करता, असा त्याचा बिनतोड सवाल होता. ज्याला काम करायची इच्छा नाही त्याने खाऊही नये, या पौलाच्या आज्ञेची (२ थेस्सल. ३:१०) त्याने आठवण दिली. सतराव्या शतकात मिगेल दे मोलिनोस याच्या शिकवणीतून आत्म्याने पूर्ण निष्क्रिय व्हावे असा पंथ पसरला. पोप अकरावे इनोसंट यांनी १६८७ मध्ये त्याचा निषेध केला.

प्रॉटेस्टंट परंपरेतील एक हृद्य दाखला मार्टिन ल्यूथर यांच्या अखेरच्या दिवसांतला आहे. जानेवारी १५४६ मध्ये ते आजारी असतानाच प्रवासाला गेले आणि घरी पत्नी काटारीना काळजीने व्याकूळ झाली. आपली चिंता वाहायला तुझ्याहून आणि सगळ्या देवदूतांहून चांगला एक जण आहे, तो (म्हणजे येशू) गव्हाणीत निजतो आणि तरी देवाच्या उजवीकडे बसतो, असे त्यांनी तिला ७ फेब्रुवारीच्या पत्रात लिहिले. १८ फेब्रुवारीला ते वारले. तिची काळजी अनाठायी नव्हती आणि त्यांचा भरवसाही पोकळ नव्हता.

ब्रिस्टल आणि केडगाव : या साधनेचा व्यवहारात सर्वांत मोठा प्रयोग प्रशियात जन्मलेल्या जॉर्ज म्यूलर (१८०५–९८) यांनी इंग्लंडमध्ये केला. त्यांनी १८३६ मध्ये ब्रिस्टल येथे अनाथालय सुरू केले. कोणाकडे पैसे मागायचे नाहीत, बाहेरच्यांना गरज सांगायची नाही, कर्ज काढायचे नाही आणि केवळ प्रार्थना करायची, हे त्यांचे नियम होते. सुरुवातीच्या वर्षांत दुसऱ्या दिवसापुरतेही पैसे उरले नाहीत असे प्रसंग वारंवार आले आणि रोजनिशीत त्यांनी ते लपवले नाहीत. १८७० पर्यंत ब्रिस्टलमधील ॲशली डाउन येथे पाच मोठ्या इमारती उभ्या राहून २,००० हून अधिक मुलांची सोय झाली. आलेल्या प्रत्येक देणगीची नोंद आणि दरवर्षी छापलेला अहवाल ही त्यांच्या कामाची दुसरी बाजू. देवावर भरवसा ठेवणाऱ्याचा हिशेब चोख असतो, हे म्यूलर यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

म्यूलर यांच्या कार्याचा वृत्तान्त वाचून पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांना बळ मिळाले, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. रमाबाईंच्या भरवशाचे वजन समजायचे तर त्यांचे पूर्वायुष्य डोळ्यांपुढे हवे. १८७० च्या दशकातील दुष्काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि बहीण ही तिघे उपासमारीने गेली. देव पुरवतो, असे पुढे म्हणणाऱ्या या बाईने आईवडील अन्नावाचून मरताना पाहिले होते.

विधवा आणि मुलींसाठीची शाळा असलेले शारदा सदन (१८८९) चालवण्यासाठी अमेरिकेतील पाठीराख्यांनी १० वर्षांच्या मदतीचे वचन दिले होते आणि ती मुदत १८९८ मध्ये संपणार होती. रमाबाईंनी प्रार्थना केली आणि पुण्याजवळ केडगावला जमीनही घेतली. विहिरी खणून, फळझाडे लावून त्या उत्पन्नावर शाळा चालवण्याचा त्यांचा बेत होता. झाडे वाढण्याआधीच १८९६–९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सुमारे ३०० मुली-स्त्रियांना आणले. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध असल्याने त्यांना केडगावच्या माळरानावर तंबू-झोपड्यांत ठेवावे लागले. तेथेच मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर ही संख्या २,००० च्या घरात पोहोचली. एवढ्या माणसांचे रोजचे दोन वेळचे जेवण ठरलेल्या उत्पन्नाशिवाय चालले. पण त्याच आवारात शेती, विणकाम आणि छापखानाही चालत होता आणि अंध स्त्रियांना ब्रेल शिकवले जात होते. ऑगस्टीनने कार्थेजच्या संन्याशांना जे विचारले, त्याचे इतके पुरेपूर उत्तर दुसरीकडे क्वचितच सापडेल.

रेव्ह. नारायण वामन टिळक यांनीही १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यांची वाट भक्तीची आणि संन्यासाची होती.

आजचे आचरण : प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उपासनेच्या वेळी ‘प्रार्थनेचे विषय’ घेतले जातात. कोणाचे ऑपरेशन, कोणाच्या मुलाची नोकरी, कोणाचे अडलेले लग्न, असे एकेक नाव पुढे येते आणि सगळे मिळून त्यासाठी प्रार्थना करतात. गरज भागली की पुढे साक्ष दिली जाते, म्हणजे तो अनुभव सर्वांपुढे सांगितला जातो. मुंबईत माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी होणाऱ्या नोव्हेनाला (ठरावीक वेळा पुन्हा पुन्हा केल्या जाणाऱ्या प्रार्थनेला) सर्व धर्मांचे लोक येतात आणि आपली मागणी किंवा आभार पत्रात लिहून ठेवतात. मनातले भय कागदावर उतरवून दुसऱ्याच्या हाती देण्यातच सोपवण्याचा अर्धा अनुभव येतो. कॅथलिक रात्रप्रार्थनेत ‘मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो’ हे स्तोत्र ३१ मधील वचन म्हटले जाते. वधस्तंभावर येशूच्या तोंडी शेवटी हेच शब्द होते (लूक २३:४६).

या शिकवणीचा दुरुपयोगही होतो आणि तो घातक आहे. झोप उडालेल्या, छाती धडधडणाऱ्या माणसाला ‘तुझा विश्वास कमी पडतो’ असे ऐकवले, की चिंतेवर अपराधीपणाची भर पडते. अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत येशू स्वतः अति खिन्न झाला होता, हे सांगणारे विसरतात. मरण मागत झुडपाखाली पडलेल्या एलीया संदेष्ट्याला (१ राजे १९) देवदूताने उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू त्याच्या उशाशी होता. तो खाऊन पुन्हा झोपला आणि देवदूताने त्याला दुसऱ्यांदा उठवून जेवायला लावले. आजारी चिंतेवर डॉक्टर आणि औषध घेणे विश्वासाच्या आड येत नाही, असे शहाणे पाळक सांगतात.

चर्चबाहेरही ही साधना पोहोचली आहे. जे बदलता येत नाही ते स्वीकारण्याची शांती, जे बदलता येते ते बदलण्याचे धैर्य आणि दोन्हींतला भेद ओळखण्याचे शहाणपण मागणारी प्रार्थना अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ राइनहोल्ड नीबुर यांच्या नावे ओळखली जाते. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघटनेने ती उचलली आणि महाराष्ट्रातील मराठी गटांच्या सभांतही ती म्हटली जाते. तेथे येणारे बहुतेक ख्रिस्ती नसतात. आजच्या दिवसापुरती दारू प्यायची नाही, एवढाच निश्चय ते दररोज नव्याने करतात.