काळी, भेगाळ साल म्हणजे ऐनाचंच झाड?

पागोळ्या लागायच्या आधी फाटी, म्हणजे जळणाची लाकडं, भरताना कोकणात हमखास ऐकू येतं: सुसरीच्या पाठीसारखी साल दिसली की ऐन, आणि कुऱ्हाडीच्या एका घावात फुटलं की ते हलकं, बिनकामाचं जळण. दोन्ही समज चुकीचे आहेत.

चौकोनी खवल्यांची काळपट साल टेंभुर्णीलाही असते. शिवाय अशा भेगा वयानुसार पडतात. ऐनाच्याच कोवळ्या फांदीची साल बरीच गुळगुळीत असते, आणि मोळीत येतात त्या बहुधा फांद्याच.

फुटणं अवलंबून असतं ते लाकडाच्या आतल्या रेषांवर. रेषा सरळ असतील तर जड लाकूडही सहज चिरतं. गाठ किंवा पिळ असेल तर हलकंही कुऱ्हाड अडवतं. किनाऱ्यावरचं सुरूचं झाड बघा. लाकूड जड आणि कठीण, तरी फुटतं नीट, आणि जळतं तर उत्तम. सावर हलकी, भुरकन जळून जाणारी. म्हणून ढलपी हातात तोलून बघा, पण वाळल्यावरच. ओलं लाकूड पाण्यानेही जड लागतं.

एका बाबतीत मात्र कळकळीने सांगते. सालीवर काळा पडणारा चीक दिसला तर हात लावू नका. ते झाड बिबा किंवा हुळगिरी असू शकतं. तो चीक अंगावर उततो, फोड येतात. अशी फाटी चुलीतही घालू नका.