सातबारा नसलेल्यांचं कर्ज : खान्देशातल्या सूक्ष्मवित्ताच्या नोकरीमागचा इतिहास

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे सूक्ष्मवित्त संस्थांत, म्हणजे गरीब घरांना विनातारण छोटी कर्जं देणाऱ्या संस्थांत, फिल्ड ऑफिसर भरतात, तेव्हा काम म्हणजे गावोगाव फिरून हप्ते गोळा करणं असाच समज असतो. खरं काम आहे तारण नसलेल्या घराची पत ओळखणं. ते इथे कसं आलं, याची मुळं जुनी आहेत.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० नंतर कापसाचे भाव भडकले. १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव कोसळले. शेतकऱ्यांची कर्जं मात्र राहिली. सावकारांविरुद्धच्या १८७५ च्या दंग्यांनंतर कर्जबाजारी शेतकऱ्यांना दिलासा देणारा १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला, पण सुरुवातीच्या चार जिल्ह्यांत खान्देश नव्हता. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतपुरवठा आला आणि पुढे गावोगाव विकास सोसायट्या उभ्या राहिल्या. मात्र सोसायटीचं पीककर्ज सातबाऱ्यावर मिळतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन वर्षभरासाठी बांधला जाणारा सालदार, आणि नावावर जमीन नसलेली बाई, दोघंही दाराबाहेरच राहिले.

ते दार १९९२ मध्ये किलकिलं झालं. नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने, ५०० बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. दहा ते वीस बायका, नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब. सातबाऱ्याच्या जागी गटाची वही आली. वही खरी आहे की एका बैठकीत बसून सहा महिन्यांची लिहिली आहे, हे शाई आणि अंगठे पाहून जाणकाराला लगेच कळतं.

पुढे सूक्ष्मवित्त कंपन्या आल्या. २०१० मध्ये आंध्रात एकाच घरावर अनेक कर्जं चढल्याने वसुलीचं संकट उभं राहिलं, आणि २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने या कंपन्यांसाठी वेगळा वर्ग केला. आजचे नियम १ एप्रिल २०२२ पासूनचे: घराचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत, कर्ज विनातारण, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत. म्हणजे महिना १२ हजार उत्पन्नाच्या घराला महिन्याला ६ हजारांच्या हप्त्यांची मर्यादा.

खान्देशात अडतं ते इथेच. उत्पन्न महिन्याला येत नाही. कापसाचा पैसा दसऱ्यानंतर हातात पडतो. धडगाव-अक्कलकुव्याकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात, तीही मुकादमाची उचल घेऊन. ही उचल क्रेडिट ब्युरोच्या, म्हणजे कर्जांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, अहवालात दिसत नाही. सोनाराकडे ठेवलेलं गहाणही दिसत नाही. वर्षाच्या कमाईला बाराने भागून कागदावर १२ हजार दाखवले, तरी जेठ-आषाढात त्या घरात तेवढे नसतात, आणि हप्ता तेव्हाही असतोच. म्हणून घरभेटीत उत्पन्नाआधी विचारावं : ऊसतोडीला कोण जाणार, उचल किती घेतली, मागे घरी कोण राहणार, हे कर्ज कशाला हवं? दुसऱ्या बाईसाठी आपल्या नावावर कर्ज उचललेली बाईही याच प्रश्नांत उघडी पडते, कारण पैसा कशाला हवा हे तिला नीट सांगता येत नाही.

वसुलीलाही मर्यादा आहे. हप्ता ठरलेल्या जागीच घ्यायचा; कर्जदार सलग दोन किंवा अधिक वेळा आला नाही, तरच घरी किंवा कामावर जायचं. कर्जाचं कार्ड कर्जदार बाईला समजेल अशा भाषेत द्यायचं. सातपुड्यात घरची बोली पावरी किंवा भिली असते, तेव्हा मराठी कार्ड हातात ठेवून चालत नाही. व्याज आणि हप्ता बैठकीतच, तिच्या बोलीत मोठ्याने सांगावा लागतो.