गंजाखालच्या तारखा : जुन्या अमेरिकी हत्यारांच्या संग्रहाची पार्श्वभूमी

कनेक्टिकट राज्यातल्या न्यू ब्रिटन गावी बनलेला स्टॅन्ले कंपनीचा शंभरेक वर्षांपूर्वीचा लोखंडी रंधा हाती आला, की जाणता संग्राहक पात्याची धार नंतर पाहतो. आधी तो मागच्या मुठीच्या पुढ्यातली जागा बोटाने चाचपतो. तेलात मुरलेल्या भुशाच्या काळपट थराखाली, बिडातच ओतलेल्या तीन ओळी तिथे असू शकतात : २५ मार्च १९०२, १९ ऑगस्ट १९०२ आणि १९ एप्रिल १९१०. तिन्ही तारखा असलेला रंधा साधारणपणे १९१० ते १९१८ या काळातला धरला जातो. हत्यारे गोळा कशी करावीत, साफ कशी करावीत आणि मांडावीत कशी, याविषयी आज अमेरिकेत जे संकेत रूढ आहेत, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ अशा ओळींत सापडते.

या तारखा कारखानदाराने हौसेने ओतलेल्या नव्हत्या. अमेरिकेत २९ ऑगस्ट १८४२ च्या कायद्याने, पेटंट घेतलेल्या प्रत्येक विक्रीच्या वस्तूवर पेटंटची तारीख उमटवणे सक्तीचे झाले आणि कसूर केल्यास किमान १०० डॉलर दंड ठरला. १८६१ मध्ये ही तरतूद बदलली. दंड गेला, पण वस्तूवर खूण नसेल तर नक्कल करणाऱ्याला आधी सूचना दिल्याखेरीज त्याच्याकडून नुकसानभरपाई मागता येणार नाही, असे ठरले; त्यामुळे तारीख घालण्याची प्रथा अधिकच पक्की झाली. १९२७ मध्ये नव्या पेटंटांसाठी तारखेच्या जागी क्रमांक आला. म्हणूनच नवशिक्याला सर्वांत आधी हे सांगितले जाते, की हत्यारावरची तारीख ही ते घडल्याची तारीख नव्हे. त्यावरच्या शेवटच्या तारखेच्या आधी ते बनलेले नसते, एवढेच तिच्यावरून कळते. तीच तारीख पुढे कित्येक वर्षे ओतली जात असे.

कायदा येण्यापूर्वीही कारागीर आपले नाव लाकडावर ठोकतच असत, आणि अशा एका ठशामुळे एका माणसाची आठवण टिकून राहिली. मॅसॅच्युसेट्समधल्या रेंथम गावी फ्रान्सिस निकल्सन हा रंधे बनवणारा होता. ज्याची लेखी नोंद मिळते असा तो पहिला अमेरिकी रंधेकार मानला जातो. सीझर चेलर हा आफ्रिकी वंशाचा गुलाम त्याच्या हाताखाली ही कला शिकला. १७५३ मध्ये निकल्सन वारला आणि त्याच्या मृत्युपत्राने चेलर मुक्त झाला. त्यानंतर १७८४ मध्ये मरण येईपर्यंत तो स्वतःच्या नावाने रंधे घडवत राहिला. त्याच्या रंध्यांच्या पुढच्या टोकावर ‘चेलर, राहणार रेंथम’ अशा अर्थाचा ठसा आहे. काल-परवापर्यंत जो दुसऱ्याची मालमत्ता होता, त्याने आपले नाव आणि ठावठिकाणा लाकडात खोल ठोकावा, यात केवढा अर्थ भरलेला आहे! हे रंधे आज संग्राहकांना अतिशय मोलाचे वाटतात, आणि मला त्यांचे मोल दुर्मिळतेहून या ठशात अधिक दिसते.

लाकडी रंध्यात पाते पाचरीने घट्ट बसवलेले असे, आणि ते कमीजास्त करायचे तर हातोडीने बेताने ठोकावे लागे. कनेक्टिकटच्या हॅझर्ड नोल्सने १८२७ मध्ये बिडाच्या रंध्याचे पेटंट घेतले, तरी पात्याची अडचण खऱ्या अर्थाने सुटली ती बॉस्टनच्या लिओनार्ड बेलीमुळे. १८५० आणि १८६० च्या दशकांत त्याने पाते बोटाने फिरवायच्या चाकाने पुढेमागे करण्याची आणि ते खटक्याच्या टोपणाने दाबून धरण्याची रचना बसवत आणली. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या स्टॅन्ले रूल अँड लेव्हल कंपनीने १८६९ मध्ये त्याचा धंदा विकत घेतला. ही कंपनी मुळात मोजपट्ट्या आणि पाणसळी बनवणारी. रंध्यांनी तिचे नाव घरोघर नेले. पुढे बेलीचे आणि कंपनीचे बिनसले आणि तो बाहेर पडला. तरीही १९०२ च्या सुमारास कंपनीने रंध्याच्या पुढच्या टोकावर ‘बेली’ ही अक्षरे ओतायला सुरुवात केली. १९२० मध्ये ही कंपनी त्याच गावातल्या स्टॅन्ले वर्क्समध्ये विलीन झाली आणि पात्यांवर हृदयाच्या आकारातली मुद्रा आली. स्टॅन्ले वर्क्सचे दीर्घकाळचे अध्यक्ष विल्यम हार्ट यांच्या आडनावावरची ती प्रेमाची कोटी होती. दुसऱ्या महायुद्धात पितळ युद्धसामग्रीकडे वळले, तेव्हा पाते सरकवायचे चाक कडक रबराचे किंवा पोलादाचे झाले आणि मुठींना साध्या लाकडाला रंग देऊन भागवावे लागले. एरवी त्या मुठी ब्राझीलच्या रोझवुडच्या असत, म्हणजे आपल्याकडच्या शिसवाच्याच कुळातल्या. त्या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून कडक बंदी आहे, त्यामुळे तडकलेली जुनी मूठही कोणी फेकून देत नाही.

करवतींचे नाव घ्यायचे तर फिलाडेल्फियाच्या हेन्री डिस्टनचे. १८१९ मध्ये इंग्लंडात जन्मलेला हा मुलगा १८३३ मध्ये वडिलांबरोबर अमेरिकेत उतरला आणि तीनच दिवसांत पोरका झाला. १८४० मध्ये त्याने स्वतःचा धंदा मांडला. त्या काळी चांगले पोलाद इंग्लंडातल्या शेफील्डहून येई. डिस्टनने १८५५ मध्ये करवतींसाठी स्वतःची पोलादाची भट्टी पेटवली. १८७२ पासून फिलाडेल्फियातल्याच टॅकोनी येथे कारखान्याभोवती कामगारांची वस्तीच उभी राहू लागली. डिस्टनच्या करवतीचे वय तिच्या मुठीवरच्या पितळी बिल्ल्यावरून काढतात. थोरला मुलगा भागीदार झाल्यावर १८६५ पासून त्यावर ‘डिस्टन आणि मुलगा’ अशा अर्थाचे एकवचन होते, आणि १८७१ पासून, बाकीचे मुलगेही आल्यावर, तिथे ‘आणि मुलगे’ असे अनेकवचन झाले. घराण्याचा इतिहास मुठीवरच्या एका स्क्रूच्या डोक्यावर वाचता यावा, हे मला फार हृद्य वाटते. मॅसॅच्युसेट्समधल्या ॲथॉलचे स्टॅरेट यांचे गुण्ये, मिलर्स फॉल्सची हातगिरमिटे, कॉलिन्सविलच्या कुऱ्हाडी यांच्याही अशाच वंशावळी आहेत.

ही हत्यारे जमवण्याजोगी आहेत, हे सर्वांत आधी ज्याला उमगले तो सुतार नव्हता. पेन्सिल्व्हेनियातल्या डॉइल्सटाउनचा हेन्री मर्सर पुरातत्त्वाचा अभ्यासक होता. १८९७ मध्ये तो जुन्या शेकोटीचे चिमटे वगैरे शोधत एका भंगार घेणाऱ्याकडे गेला, आणि तिथल्या ढिगाऱ्यात त्याला चरखे, गाड्यांचे अवशेष, मिठाच्या पेट्या, हत्यारे असे सगळे एकत्र पडलेले दिसले. यंत्रयुगाने एका पिढीत निकामी केलेल्या या वस्तू म्हणजेच देश घडवणाऱ्यांचा खरा पुरावा, असे त्याच्या मनाने घेतले. जमिनीखालचे उकरणाऱ्या माणसाने जमिनीवरचे उचलायला सुरुवात केली. पुढे १९१३ ते १९१६ या काळात त्याने या संग्रहासाठी संपूर्ण काँक्रीटची उंच इमारत बांधली, कारण आगीची त्याला फार धास्ती होती. मधल्या चौकात नाव, घोडागाडी अशा अवजड वस्तू छताला आणि कठड्यांना टांगल्या आणि भोवतालच्या लहान दालनांत एकेका धंद्याची हत्यारे लावली. वस्तू कोणत्या काळातली किंवा किती सुबक, यापेक्षा ती माणसाची कोणती गरज भागवत होती, याला त्याने मान दिला. अमेरिकेत हत्यारांचा संग्रह मांडणारा प्रत्येक जण कळत-नकळत मर्सरचे देणे लागतो.

१९३३ मध्ये या विषयाची आवड असलेल्या मंडळींनी ‘अर्ली अमेरिकन इंडस्ट्रीज असोसिएशन’ ही संस्था स्थापली. पण हा छंद पसरला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि त्यामागे एक दुःखद कारण होते. हातात धरायची विजेची करवत आणि ड्रिल स्वस्त झाले, प्लायवुड आले, घरे साच्यातून काढल्यासारखी झपाट्याने उभी राहू लागली, आणि आजोबांची हत्यारपेटी कोठाराच्या माळ्यावर गेली. १९५५ मध्ये डिस्टन घराण्याने आपली कंपनी विकून टाकली. घर रिकामे करताना होणाऱ्या लिलावांत पेट्याच्या पेट्या किरकोळ भावाने जाऊ लागल्या. चित्रकार एरिक स्लोन याने जुन्या हत्यारांची रेखाटने काढून त्यांच्या घडणीतले सौंदर्य लोकांच्या लक्षात आणून दिले. त्याच्या संग्रहासाठी १९६९ मध्ये कनेक्टिकटमधल्या केंट येथे संग्रहालय उघडले, आणि त्याची जागा स्टॅन्ले वर्क्सनेच दिली होती. १९७९ पासून सार्वजनिक दूरचित्रवाणीवर रॉय अंडरहिल फक्त हातहत्यारांनी सुतारकाम करून दाखवू लागला, तेव्हा जमवणाऱ्यांत वापरणाऱ्यांचीही भर पडली.

साफसफाईच्या पद्धतीही या दोन वर्गांच्या गरजांतून घडल्या. पूर्वी मोटरला तारेचा गोल ब्रश लावून हत्यार आरशासारखे उजळून काढणे ही सर्रास रीत होती. त्यात गंज जातोच, पण कडा गोलावतात, अक्षरे बोथट होतात आणि हाताच्या स्पर्शाने दशकानुदशके चढलेली तपकिरी झाक कायमची जाते. ही झाक म्हणजे पोलादाचे एक प्रकारे आवरणच आहे. लाल, भुसभुशीत गंज वेगळा आणि ही वेगळी. बिडाच्या भागांवरचा काळा चकचकीत थरही तितकाच नाजूक. तो डांबरी द्रव्य आणि जवसाचे तेल यांचा लेप देऊन भट्टीत भाजून बसवलेला असतो, आणि एकदा खरवडला की तसाच्या तसा परत येत नाही. म्हणून आजचा जाणता माणूस आधी मऊ ब्रशने धूळ काढतो, मग रॉकेलमध्ये भिजवलेल्या अगदी बारीक पोलादी काथ्याने हळूहळू पुसतो, आणि पुरे कधी म्हणायचे हे ठरवून ठेवतो.

डिस्टनच्या करवतीचे उदाहरण घेऊ. तिच्या पात्याच्या मध्यावर कंपनीची मुद्रा आम्लाने कोरलेली असते, तिची खोली केसाएवढीही नसते, आणि गंजलेल्या पात्यावर ती मुळीच दिसत नाही. पॉलिश पेपर बोटांनी दाबून घासला तर ती दहा मिनिटांत नाहीशी होते. तोच कागद सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, तेल घालून, एकाच दिशेने फिरवला, तर पृष्ठभाग उजळत जातो आणि कोरलेली अक्षरे काळी राहून वर येतात. ती पहिली रेघ उमटताना पाहणे हा या छंदातला सर्वांत मोठा आनंद आहे, असे मी निःसंकोचपणे म्हणेन.

फार गंजलेल्या सुट्या भागांसाठी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जरने वीज सोडण्याची पद्धत रूढ आहे. त्यात हत्यार ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला जोडतात. स्टेनलेस स्टीलचा तुकडा मात्र कदापि वापरू नये, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. निकेलचा मुलामा किंवा तो काळा लेप असलेला भागही या पाण्यात घालू नये. मुठीला जवसाचे तेल चोळले जाते. ते पुसलेले फडके बोळा करून टाकले तर आपोआप पेट घेऊ शकते, म्हणून ते उलगडून वाळवतात. शेवटी लोखंडावर मेणाचा पातळ हात दिला की हवेतल्या दमटपणापासून बचाव होतो.

मांडणीचा विषय निघाला की हेन्री स्टडलीच्या पेटीचे नाव निघतेच. १८३८ ते १९२५ असे आयुष्य लाभलेला हा मॅसॅच्युसेट्सचा पियानो कारागीर. त्याने भिंतीवर टांगायची एक पेटी बनवली, जी मिटल्यावर सुमारे ३९ इंच उंच, २० इंच रुंद आणि ९ इंच खोल भरते. उघडली की महोगनी, रोझवुड, एबनी आणि शिंपल्याच्या कामात बसवलेली अडीचशेहून अधिक हत्यारे दिसतात. काही चौकटी बाहेर उघडतात आणि त्यांच्या मागे आणखी एक थर असतो. प्रत्येक हत्याराला त्याच्या आकाराचीच जागा आहे. ही पेटी काही काळ वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात प्रदर्शित होती. ती पाहून कित्येकांनी आपल्या भिंतीवरची खिळ्यांची रांग उतरवली आणि हत्यारागणिक खाचा करायला घेतल्या. घरच्या संग्राहकाने लक्षात ठेवायची बाब मात्र साधी आहे : ओकच्या बंद कपाटात धातू ठेवू नये, कारण त्या लाकडातून आम्लाची वाफ निघत राहते आणि गंज परत येतो.

जुन्या मुठींवर अनेकदा मालकांची नावे ठोकलेली असतात. कधी एकाखाली एक अशी तीन, पहिले पुसट आणि तिसरे ठसठशीत. ती घासून काढायची नसतात, आणि त्यांच्याखाली चौथे घालायचे नसते. हत्यार कुठे मिळाले, कोणाच्या पेटीतून आले, कधी साफ केले आणि कशाने, हे संग्राहक एका लहान चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहितो आणि ती सुती दोऱ्याने मुठीला सैलसर बांधून ठेवतो.