मामाकडे राहून शिकणाऱ्याचा पालक नक्की कोण?

शिष्यवृत्तीचे फॉर्म सुटले की दरवर्षी हाच घोळ. पोरगं मामाकडे राहतंय, रेशनकार्डावर नावही तिथेच, मग उत्पन्नाचा दाखला कोणाचा जोडायचा? आजोबांच्या पिढीत हा प्रश्नच नव्हता, वार लावून जेवायचं नाहीतर काकूची बोलणी खात शिकायचं, सरकारचा काही संबंध नसायचा. 1944 ला अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आली, पुढे उत्पन्नाची मर्यादा आली, आणि मर्यादा आली म्हणजे कोणाचं उत्पन्न हे ठरवणं आलं.

खरी गोची 'पालक' या शब्दात आहे. मामा दहा वर्षं प्रगतिपुस्तकावर 'पालकाची सही' करतो, कोणी हरकत घेत नाही, कारण आपल्याकडे पालक म्हणजे आईवडीलही आणि सांभाळणाराही. या शिष्यवृत्तीच्या केंद्राच्या नियमांत मात्र पेरेंट वेगळा आणि गार्डियन वेगळा. आईवडलांपैकी एक जरी हयात असेल तर फक्त त्यांचंच उत्पन्न धरायचं, घरात बाकी कोणी कितीही कमवो, आणि दोघंही वारले असतील तरच शिक्षणाचा खर्च करणाऱ्या गार्डियनचं. (लग्न झालेल्या, नोकरी नसलेल्या मुलीला नवऱ्याचं, तो वेगळाच विषय.) म्हणजे मामा बँकेत ऑफिसर असला तरी गावाकडच्या आईबापाचं वर्षाचं उत्पन्न 2.5 लाखांच्या मर्यादेत असलं की पोरगं बसतं. नियम चांगलाय, पण तो वाचतं कोण, लोक सेतूत जाऊन बिनधास्त मामाचा दाखला काढून आणतात. गंमत म्हणजे कायद्याने गार्डियन हा प्रकार 18 पूर्ण झाले की संपतो आणि कॉलेज बहुतेकांचं तेव्हाच सुरू होतं.

पण बाप जिवंत आहे, दुसरा संसार थाटून बसलाय, दहा वर्षांत फिरकला नाही, त्याचं काय? महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायच्या राज्याच्या पोर्टलवर, विचारतात, वडील हयात आहेत का, होय की नाही. 'आहेत पण नसल्यासारखे' असा पर्याय नाही. होय म्हटलं की पुढे त्यांची माहिती भरा, आणि तो माणूस सहीसुद्धा देत नाही.

अनाथांच्या बाबतीत गाडी थोडी पुढे सरकली. 2018 ला राज्यात 1 टक्का आरक्षण आलं तेव्हा सगळा विचार संस्थेत वाढलेल्या, नातेवाईक-जात काहीच माहीत नसलेल्या मुलांचा होता, काकाकडे वाढलेलं पोर त्यात मोजलंच नाही. 2021 ला नातेवाइकांकडे वाढलेल्यांचा वेगळा गट केला, 2023 ला त्यालाच 'संस्थाबाह्य' नाव दिलं. पण तिथेही आईवडील दोघं वारलेले असणं हीच अट. 2024 पासून वर्षाला 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक कोर्सची फी माफ झाली, त्यातही दाखला आईबापाचाच लागतो, आणि बेपत्ता बापाची पोर पुन्हा सेतूच्या लाईनीत.