किल्ली आत, कुलूप बाहेर: लिनक्स सुरू होतं कसं?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट संपला आणि इंदूरमध्ये रामबागेपासून सुदामानगरापर्यंत कितीतरी घरांतली धडधाकट मशीन ‘जुनी’ ठरली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो. तेव्हा आता मशीन भंगारात, असा समज पसरलाय. तो चूक आहे. विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टम म्हणजे लिनक्स, आणि तिचाच एक सोपा अवतार असलेलं लिनक्स मिंट ४ जीबी रॅमवर नीट चालतं. हार्ड डिस्क काढून सिल्व्हर मॉलमधून आणलेली २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी वेगवान डिस्क, बसवली, तर फरक त्याच दिवशी जाणवतो. डेस्कटॉपवर पाच-सहा वेळा ‘रिफ्रेश’ मारून मात्र काहीच वेगवान होत नाही, फक्त आयकॉन पुन्हा रेखाटले जातात. ही अंधश्रद्धा आता सोडायला हवी.

मिंट बसवायला ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो; त्यातलं सगळं पुसलं जाईल हे ध्यानात ठेवा. मिंटची सुमारे ३ जीबीची आयएसओ फाइल (इन्स्टॉलरची पूर्ण प्रतिमा) उतरवल्यावर तिचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा, मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा. अर्धवट उतरलेली फाइल इन्स्टॉल मध्येच अडकवते आणि बोल मशीनला लागतो. आयएसओ नुसती कॉपी-पेस्ट करू नका, रूफस किंवा एचर या प्रोग्रामने पेन ड्राइव्हवर लिहा. विंडोजही ठेवायचं असेल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करा. नाहीतर विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं आणि लिनक्स त्याच्या पार्टिशनवर (डिस्कच्या त्या वेगळ्या भागावर) लिहायला नकार देतं. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क-कुलूप, चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या.

पुढची बटणं इन्स्टॉलर दाखवतोच. खरी गंमत आहे ती पॉवरचं बटण दाबल्यापासून लॉगिनपर्यंतच्या काही सेकंदांत.

मदरबोर्डवरचं यूईएफआय फर्मवेअर, म्हणजे मशीन जागं करणारा चिपमधला प्रोग्राम, डिस्कवरचं एक छोटं फॅट३२ पार्टिशन वाचतं. तिथे ग्रब नावाचा बूटलोडर, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, असतो. ग्रब लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, रॅममध्ये आणतो आणि त्याच्या हाती कारभार सोपवतो. आता पेच असा: कर्नलला पुढच्या सगळ्या फाइली डिस्कवरून वाचायच्या आहेत. डिस्क वाचायला ड्रायव्हर, म्हणजे त्या डिस्कशी बोलणारा प्रोग्राम, हवा, आणि तो ड्रायव्हर आहे डिस्कवरच! दार ओढून घेतलं आणि किल्ली आतच राहिली, तसं.

मग ग्रबने डिस्क वाचली कशी? फर्मवेअरकडून उसनवारीवर. पण कर्नल ताबा घेताना फर्मवेअरची ती सेवा कायमची बंद करतो. जगातल्या झाडून सगळ्या डिस्क-कंट्रोलरांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच कोंबावेत, तर तो नाहक फुगेल.

म्हणून किल्लीची दुसरी प्रत शेजाऱ्याकडे ठेवायची. तिचं नाव इनिटरॅमएफएस. ही काही डझन एमबींची दाबून बांधलेली गाठोडी. उसनवारी चालू असतानाच ग्रब तीही रॅममध्ये आणून ठेवतो. कर्नल ती रॅममध्येच सोडतो, आतला ‘इनिट’ नावाचा छोटा प्रोग्राम चालवतो. तो लागणारे ड्रायव्हर चढवतो, डिस्क कुलूपबंद असेल तर पासवर्ड विचारतो, खरं रूट पार्टिशन, म्हणजे लिनक्सच्या सगळ्या फाइली असलेला डिस्कचा भाग, शोधून जोडतो. मग गाठोडीतल्या फाइली पुसून रॅम मोकळी करतो आणि आपली क्रमांक एकची खुर्ची, म्हणजे पहिल्या प्रोग्रामची जागा, डिस्कवरच्या सिस्टमडीला देतो; बाकीच्या सेवा तोच सुरू करतो. खुर्ची तीच, माणूस बदलला.

रूट पार्टिशन ओळखायचं लिनक्स डिस्कला देतं त्या ‘एसडीए’सारख्या नावाने नव्हे. ती नावं बसमध्ये चढण्याच्या क्रमाने सीट मिळावी तशी वाटली जातात. पेन ड्राइव्ह लावलेला असला की क्रम बदलू शकतो. म्हणून ग्रब कर्नलला यूयूआयडी सांगतो. पार्टिशन फॉरमॅट करताना त्याला मिळालेली ही १२८ बिटांची खूण.

आता काळ्या पडद्यावर नुसतं ‘इनिटरॅमएफएस’ लिहून कर्सर लुकलुकत राहिला, तर घाबरून सगळं पुन्हा बसवू नका. कर्नल आला, गाठोडी आली, फक्त रूट जोडता आलं नाही, इतकाच त्याचा अर्थ. तिथेच ‘बीएलकेआयडी’ ही पाच इंग्रजी अक्षरं लहान लिपीत टाइप करून एंटर दाबा, डिस्कांची यादी आणि त्यांचे यूयूआयडी दिसतील. डिस्क यादीतच नसेल, तर साटा केबल काढून घट्ट बसवा आणि बायोसमध्ये, म्हणजे त्याच फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये, डिस्क कशी जोडायची ते ठरवणारा स्टोरेज मोड आरएसटी (इंटेलचा खास मोड) झालाय का बघा. तो एएचसीआय (नेहमीचा साधा मोड) हवा. मात्र विंडोजही असेल तर तो थेट बदलू नका, आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगा, नाहीतर तेच उठणार नाही. डिस्क दिसतेय पण यूयूआयडी वेगळा आहे, तर जुन्या डिस्कवरच्या फाइली नव्या एसएसडीवर हलवल्यावर ग्रबला नवी खूण सांगायची राहिलीय. आणि दोन्ही ठीक असतील, तर बहुधा लाइट गेल्याने फाइल सिस्टम बिघडलीय: दुरुस्तीची कमांड ‘एफएससीके’, पुढे वजा-चिन्ह जोडून ‘वाय’, मग पार्टिशनचं नाव टाइप करा. दुरुस्ती संपली की ‘एक्झिट’ टाइप करा, अडलेलं बूट तिथूनच पुढे सुरू होतं.